आधी साबण की आधी पट्टी?

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या भागात हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम निघाली की आशाताई घरोघरी जातात, वय विचारून गोळ्या काढतात आणि समोर उभं राहून त्या गिळायला लावतात. डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या जोडीला आता काही ठिकाणी आयव्हरमेक्टिनही असतं. रक्तात फिरणाऱ्या जंतांच्या सूक्ष्म अळ्या या गोळ्यांनी मरतात आणि डासांमार्फत एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा रोग थांबतो. २०२७पर्यंत हा रोग देशातून हटवायचं उद्दिष्ट सरकारने ठेवलं आहे आणि त्यामागची मेहनत खरी आहे. पण ज्या बाईचा पाय कित्येक वर्षांपूर्वीच सुजून जाड झाला, तिचा पाय या गोळीने उतरत नाही. ती गोळी गिळते, माणसं पुढच्या घरी जातात, पाय तसाच राहतो.

अशा पायाचं करायचं काय, यावर या क्षेत्रात काम करणाऱ्यांतच दोन मतं आहेत. त्या दोन मतांना मी इथे दोन आवाज दिले आहेत. एक काका : हत्तीरोग नियंत्रण पथकात नोकरी केलेले, रात्री लोकांची दारं ठोठावून रक्ताचे नमुने घेतलेले. (या जंताच्या अळ्या रक्तात रात्रीच वर येतात, म्हणून तपासणीही रात्रीच करावी लागते.) दुसरी त्यांची पुतणी : नागपुरात फिजिओथेरपी करणारी, सुजलेल्या पायांना दाबपट्ट्या बांधायचं खास शिक्षण घेतलेली. माझा कल पुतणीकडे आहे, हे आधीच सांगून टाकणं बरं. तरी काकांचं ऐकल्याशिवाय कुणी पट्टीला हात लावू नये, असंही मला मनापासून वाटतं.

काका : पोरी, मी पाय पाहिले ते दवाखान्यात नाही, बांधीत पाहिले. रोवणीच्या दिवसांत बाई सकाळपासून चिखलात वाकलेली असते. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून फाटते. निरोगी पायाला त्याचं काही वाटत नाही. सुजलेल्या पायात मात्र तिथून जंतू आत शिरतात. मग रात्री हुडहुडी भरून ताप येतो, जांघेत अवधान येतं, पाय लालबुंद होऊन ठणकतो. पाच-सहा दिवस बाई अंथरुणावर. मजुरी बुडते ती बुडते, आणि ताप उतरल्यावर पाय पूर्वीपेक्षा थोडा जाड राहतो. असे झटके वर्षात दोन-तीनदा आले की चार-पाच वर्षांत पायाचा हत्तीपाय होतो. झटका थांबवला की अर्धा रोग थांबला. आणि झटका थांबतो साबणाने. बादली, मग, साबण, कोरडा पंचा, बेचक्यात लावायला बुरशीचं मलम. तुझ्या पट्टीचं इथे काय काम?

पुतणी : साबणाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही काका. माझ्याकडे आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी मी पाय धुवायलाच शिकवते. पण तो पाय सारखा फाटतो का, तेही बघा. हा जंत लसिकावाहिन्यांत घर करून पाच-सात वर्षं राहतो. त्या वाहिन्या रुंद होतात, त्यांच्यातल्या झडपा निकामी होतात. पेशींच्या आसपास झिरपलेलं जे पाणी या वाहिन्यांनी परत हृदयाकडे न्यायचं, ते पायातच अडकतं. ते नुसतं पाणी नसतं, त्यात प्रथिनं असतात. साचून राहिलं की तिथे तंतू तयार होतात, चरबी साठते, कातडी जाड आणि कडक होते, तिला घड्या पडतात. तुम्ही ज्या घड्या रोज धुवायला सांगता, त्या त्या पाण्याने केल्या आहेत.

काका : म्हणजे बांधीची मोरी बुजली, पाणी थांबलं आणि गाळ बसला.

पुतणी : अगदी तसंच. साबणाने वरची कातडी स्वच्छ होईल. आतलं पाणी हलवायला बाहेरून दाब लागतो. आणि ही काही आजची टूम नाही. अलेक्झांडर फॉन विनिवार्टर नावाच्या शल्यचिकित्सकाने १८९२मध्येच सुजलेल्या पायासाठी मालीश, दाब आणि व्यायाम यांची जोड सांगितली होती. पुढे १९३०च्या दशकात एमिल आणि एस्ट्रिड फोडर या डॅनिश जोडप्याने हे साचलेलं पाणी, म्हणजे लसिका, हलक्या हाताने सरकवण्याची पद्धत बसवली. जर्मनीत मिखाएल फोल्डी आणि एथेल फोल्डी या डॉक्टर दांपत्याने त्वचेची निगा, मालीश, पट्ट्या आणि व्यायाम असा चौरस उपचार उभा केला. मी शिकले ते तेच.

काका : जर्मनीचं जर्मनीला. मी तुला हैतीचं सांगतो, तो आपल्यासारखाच गरीब आणि दमट देश. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. तिथे लेओगान नावाच्या गावी १९९०च्या दशकात हत्तीपायाच्या लोकांसाठी दवाखाना चालवला. सुरुवातीला पायांना दाबपट्ट्या बांधायचे. नंतर पट्ट्यांवरचा भर काढून धुण्यावर आणि त्वचेच्या निगेवर आणला. पट्ट्यांच्या काळात माणशी वर्षाला दीडेक झटका येत होता, धुण्याच्या काळात जेमतेम अर्धा झटका. म्हणजे तिसरा हिस्सा. ब्राझीलच्या रेसिफे शहरात डॉक्टर जेरूझा ड्रेयर यांनी तर सारा भर साबण-पाण्यावर आणि रुग्णांच्या मंडळांवर दिला. हत्तीपायाची माणसं एकत्र जमायची, एकमेकांचे पाय बघायची, धुवायला शिकवायची. तिथून हे जगभर गेलं. आपल्या सरकारी किटमध्ये टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम आहे ते त्यामुळेच. पट्टी नाही, ती विसरले म्हणून नाही.

इथे काकांची बाजू वजनदार आहे. लेओगानचा अनुभव खोटा नाही. घामेजल्या, नीट न वाळवलेल्या कातडीवर दिवसभर कापड गुंडाळून ठेवलं तर बुरशी आणि जंतू दोन्ही माजतात, हे समजायला वैद्यक शिकावं लागत नाही.

पुतणी : आता कॅनबेराचं ऐका. २०२०मध्ये छापून आलेला ऑस्ट्रेलियातला अभ्यास आहे. पाय कायमचे सुजलेले आणि त्यात वारंवार जंतुसंसर्गाचे झटके येणारे ८४ लोक घेतले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. कातडी कशी जपायची हे दोन्ही गटांना शिकवलं. एका गटाला त्याशिवाय दाबाचे मोजे-पट्ट्या दिल्या. ज्यांना दाब नव्हता त्या गटातल्या ४० टक्के लोकांना पुन्हा झटका आला. दाब असलेल्यांत १५ टक्क्यांना. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास ठरलेल्या वेळेआधीच थांबवला. काका, तुमचा सगळा भर झटके थांबवण्यावर आहे ना? मग हे झटके दाबानेच थांबले.

काका : कॅनबेरात हत्तीरोग नाही. तिथे चिखल्या नाहीत. घरात न्हाणीघर आहे, कोरडे बूट आहेत, मोजा फाटला तर दुसरा मिळतो.

पुतणी : हो, हे मान्य.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहिले की मला भांडण दिसत नाही, क्रम दिसतो. लेओगानमध्ये आधीचा काळ आणि नंतरचा काळ यांची तुलना होती. त्या काळात पट्टीखेरीज आणखी काय काय बदललं, हे पूर्ण वेगळं काढता येत नाही. कॅनबेरात एकाच वेळी दोन गट होते, म्हणून दाबाचा परिणाम तिथे जास्त नेमका कळतो. पण त्या दोन्ही गटांना त्वचेची निगा आधीच शिकवलेली होती, हे विसरून चालणार नाही. दाबाने काम केलं ते जपलेल्या कातडीवर. काकांचा साबण त्या अभ्यासात दोन्हीकडे होता. वगळला असता तर काय झालं असतं, ते बहुधा लेओगानसारखंच काहीतरी.

काका : बरं, मी तुला आमच्याकडची गोष्ट सांगतो. एका बाईला कुणीतरी औषधाच्या दुकानातून क्रेप बँडेज आणून दिलं. पोरगा ते पोटरीवर घट्ट गुंडाळायचा, पाऊल उघडंच. दुसऱ्या दिवशी पाऊल टम्म फुगलेलं आणि पोटरीवर वळ. रात्रभर तसंच ठेवलं होतं. त्या दिवसापासून गावात कुणी पट्टीचं नाव काढत नाही.

पुतणी : अहो, मलाही हेच सांगायचं आहे. ती पट्टीच चुकीची. क्रेप किंवा ताणली की दुपटीपेक्षा लांब होणारी पट्टी माणूस आडवा पडला तरी पायाला आवळतच राहते. विश्रांतीत दाब जास्त, चालताना फारसा वाढत नाही. आम्हाला हवी असते ती कमी ताणली जाणारी, शॉर्ट स्ट्रेच पट्टी. जवळजवळ सुती कापडासारखी. ती झोपल्यावर आवळत नाही. पण माणूस चालू लागला, पोटरीचा स्नायू फुगला, की पट्टी बाहेर सरकत नाही, मग स्नायूचा सगळा जोर आतल्या पाण्यावर पडतो. पाऊल टेकलं की दाब, उचललं की सैल. हे पंपिंग चालण्याने होतं. पट्टी बांधून खाटेवर बसून राहिलं तर निम्मा फायदा गेला.

काका : आणि पाऊल उघडं ठेवायचं नाही.

पुतणी : कधीच नाही. सुरुवात बोटांपासून. बोटं सुजलेली असतील तर प्रत्येक बोटाला बारीक पट्टी. मग पाऊल, टाच, घोटा, पोटरी, आणि सूज मांडीपर्यंत असेल तर मांडीपर्यंत. पोटरीच फक्त आवळली की खालचं पाणी वर जाऊ शकत नाही आणि पाऊल फुगतं. त्या बाईचं तेच झालं.

इथे पुतणीने काकांना जे समजावून सांगितलं ते वाचकांनीही नीट समजून घ्यावं, कारण पट्टीचं सारं यश-अपयश याच्यात आहे. तितक्याच ताणाने गुंडाळलेली पट्टी बारीक जागी जास्त दाब देते, जाड जागी कमी. म्हणून साध्या पायावर घोट्याला आपोआप दाब जास्त पडतो आणि पोटरीवर कमी. पाणी वर ढकलायला हे बरंच असतं. पण हत्तीपायात घोट्यावर मोठी वळकटी आलेली असते, तिच्यामागे खोल खाच असते. अशा पायावर थेट पट्टी गुंडाळली तर दाब भलतीकडेच पडतो. नडगीची धार तर हाडच, तिथे कातडीखाली मऊ काही नसतं. म्हणून पट्टीआधी कापसाचं किंवा स्पंजाचं अस्तर घालतात, खाचा भरतात, पायाला आधी गोल आणि सरळ आकार देतात. या तयारीला पट्टी बांधण्याइतकाच वेळ लागतो आणि घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

सुरुवातीचे दोन ते चार आठवडे पट्टी रोज सोडून, पाय धुऊन, वाळवून, पुन्हा बांधावी लागते. पाय उतरू लागला की कालची पट्टी आज सैल पडते, आणि सैल पट्टी म्हणजे नुसतं ओझं. ठरलेल्या खुणांवर टेपने मापं घेऊन ती वहीत लिहून ठेवतात. पाय आणखी उतरेनासा झाला की मापाचा दाबमोजा येतो. लसिकेच्या सुजेला बहुधा पाऱ्याच्या ३० ते ४० मिलिमीटर दाबाचा लागतो, काहींना अधिक. तो सकाळी उठल्या उठल्या, पाय खाली सोडण्याआधी चढवायचा, कारण तेव्हा पाय सर्वांत बारीक असतो. हाताला रबरी हातमोजे घातले की कापड नीट पकडता येतं. तीन ते सहा महिन्यांत मोजा सैल पडतो आणि नवा घ्यावा लागतो.

काका : आणि शुगरवाल्यांचं काय? आमच्याकडे आता घरटी एक आहे.

पुतणी : हा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं केलं. पायाला रक्त नेणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या असतील तर दाबपट्टीने बोटं काळी पडू शकतात. म्हणून आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ०.८च्या वर असेल तर सहसा पूर्ण दाब देता येतो. ०.५ ते ०.८ असेल तर कमी दाब, आणि तोही जाणकाराच्या नजरेखाली. ०.५च्या खाली तर अशी पट्टी नाहीच. मधुमेहात मात्र धमन्यांच्या भिंती कडक झाल्याने हा आकडा खोटाच चांगला दिसू शकतो. म्हणून त्यांच्यात बोटांचा दाब बघतात, पायाला संवेदना आहे का बघतात. हृदय थकून पायाला सूज असेल, श्वास लागत असेल, तर पट्टीने एकदम वर आलेलं पाणी हृदयाला पेलवत नाही. आणि एकाच पायाची पोटरी अचानक दुखून सुजली, तर ती रक्ताची गाठ असू शकते. तिथे पट्टी नाही, आधी दवाखाना.

काका : झटका चालू असताना?

पुतणी : ताप, लाली, ठणका असताना दाब काढायचा. पाय उंचावर, गार पाण्याच्या घड्या, डॉक्टरांनी दिलेली अँटिबायोटिक. दुखणं सोसवेल इतकं कमी झालं की पुन्हा सुरू. एरवीही बोटं निळी किंवा गार पडली, मुंग्या आल्या, दुखू लागलं, तर कुणाला विचारायला थांबायचं नाही, पट्टी सोडायची.

काकांना एक गोष्ट वाटेत सांगावीशी वाटली, ती मीही मुद्दाम ठेवतो. पाय सुजला की लघवी वाढवणाऱ्या, म्हणजे लोक ज्यांना ‘पाणी काढायच्या गोळ्या’ म्हणतात त्या गोळ्या घेण्याची आपल्याकडे फार सवय. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या सुजेला त्यांचा उपयोग आहे. लसिकेच्या सुजेत मात्र अडकलेली प्रथिनं तिथेच राहतात आणि पाणी पुन्हा साचतं. वर्षानुवर्षं त्या घेऊन माणसं अशक्त होतात, पाय तेवढाच राहतो. यावर काका आणि पुतणी या दोघांचं एकमत आहे.

काका : चल, समजा तुझी पट्टी योग्य, बांधणारा हात योग्य. मे महिन्यात चंद्रपुरात ४५ अंश असतं. त्यात पायावर अस्तर आणि त्यावर तीन पदर? आणि रोवणीत? गुडघाभर चिखलात पट्टी घालून उतरणार ती बाई?

पुतणी : नाही उतरणार. उतरूही नये. ओल्या पट्टीपेक्षा उघडा पाय बरा. मी हे आमच्या वर्गात शिकले नाही, इथे येणाऱ्या बायकांनीच शिकवलं. रोज सलग पट्टी बांधायचे पहिले आठवडे हिवाळ्यात घ्यावेत, धान कापून झाल्यावर. रोवणीच्या दिवसांत घरी आल्यावर पाय धुवायचा, बेचक्या पूर्ण वाळवायच्या, मग संध्याकाळचे काही तास पट्टी बांधून घरातलं चालणं-फिरणं. रात्री खाटेचं पायथ्याकडचं टोक विटा ठेवून उंच. उन्हाळ्यात सकाळचे चार-पाच तास मोजा, दुपारी सोडायचा. दिवसभर घालणाऱ्याइतका पाय उतरणार नाही. पण वाढणारही नाही.

काका : वाढणार नाही हे तू कशावरून म्हणतेस?

पुतणी : टेपवरून. मापं लिहिते मी. काहींचा वाढतोही, ते लपवत नाही. आणि ज्यांचा वाढतो, ते बहुतेक बेचक्या न वाळवणारे असतात.

काका : म्हणजे पुन्हा साबणावर आलीस.

पुतणी : पंच्यावर आले काका. धुणं सगळे शिकतात. वाळवणं शिकत नाहीत.

मला स्वतःला या संवादातलं हे वाक्य सर्वांत कामाचं वाटतं. सुजलेल्या पायाची बोटं एकमेकांना चिकटलेली असतात, वाकून तिथे पोचणं कठीण असतं. जाड टॉवेल बेचक्यात जात नाही. जुन्या धोतराचा किंवा साडीचा मऊ तुकडा जातो. सरकारी किटमधला टॉवेल सगळ्या पायासाठी चांगला आहे, पण बेचक्यांसाठी मऊ फडकं लागतं, हे वाटताना सांगितलंच पाहिजे.

काका : आता मुख्य अडचण सांगतो. पट्टी बांधणार कोण? जाड पायाच्या बाईचा हात तिच्याच बोटांपर्यंत पोचत नाही. नवऱ्याला वेळ नाही. सुनेला सांगायची लाज. लुगड्याखाली पाय झाकून तिने वर्षं काढली आहेत. लग्नाला जात नाही, चप्पल बसत नाही म्हणून अनवाणी फिरते. तू तिला म्हणतेस रोज कुणाकडून तरी पाय उघडून बांधून घे.

पुतणी : हे सगळ्यांत अवघड, खरं आहे. त्यासाठी आता वेल्क्रोच्या दाबपट्ट्या निघाल्या आहेत. पायाभोवती गुंडाळून एकेक पट्टा ओढून चिकटवायचा, सैल झाला की स्वतःच पुन्हा ओढायचा. पट्टी बांधण्याचं कौशल्य लागत नाही. किंमत मात्र मजूर बाईला परवडणारी नाही. आणि एक उदाहरण आपल्या जवळचं. केरळमध्ये कासारगोडला डॉक्टर नरहरी यांची त्वचारोगाची संस्था आहे. तिथे आयुर्वेदातली त्वचेची निगा, योगासनं, श्वासाचे व्यायाम, मालीश आणि दाबपट्टी असा एकत्र उपचार बसवला. मग तो आलप्पुळा आणि गुलबर्गा या हत्तीरोगाच्या दोन जिल्ह्यांत गावपातळीवर नेला. गुलबर्गा म्हणजे सोलापूरच्या शेजारी. आपल्यासारखंच ऊन, आपल्यासारखीच शेतकरी माणसं. शेकडो लोकांनी घरच्या घरी केलं. पायाचं आकारमान कमी झालं, झटकेही कमी झाले. तिथे साबण की पट्टी असा वाद घातला नाही, दोन्ही शिकवलं. घरातल्या माणसाला सोबत बसवून शिकवलं.

काका : शिकवलं, हे महत्त्वाचं. आपल्याकडे वाटतात. वाटप झालं, फोटो झाला, रजिस्टरला सही झाली. उद्या तुझ्या म्हणण्यावरून किटमध्ये पट्टी घातली आणि शिकवलं नाही, तर ती पट्टी खुंटीवर लटकेल किंवा पोटरीवर आवळली जाईल. दोन्हींतलं दुसरं जास्त वाईट. म्हणून मी म्हणतो, जोवर शिकवणारा माणूस नाही तोवर पट्टी देऊ नका. साबणाने नुकसान होत नाही.

पुतणी : आणि मी म्हणते, शिकवणारा माणूस नाही म्हणून पट्टीच नाही, असं आपण फार वर्षं म्हणत आलो. तोवर पायांत तंतू धरतात, कातडी लाकडासारखी होते. सुरुवातीला पाय बोटाने दाबला की खड्डा पडतो, रात्री उंच ठेवला की सकाळी उतरतो. त्या वेळी दाब दिला तर मोठं काम होतं. पुढे दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत पकडताही येत नाही. तेव्हा पट्टी देऊन पाय पूर्वीसारखा होत नाही, जेमतेम आटोक्यात राहतो. उशीर केल्याने जे नुकसान होतं, ते कुठल्याच रजिस्टरला लागत नाही.

यावर काका बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, कातडी फुटलेली, वास येणारी, पाणी गळणारी असेल तरीही पट्टी? पुतणीचं म्हणणं, गळणारं पाणी दाबानेच थांबतं, जखमेवर स्वच्छ ड्रेसिंग ठेवून वरून बांधता येतं. काकांचं म्हणणं, दवाखान्यात भरती करून रोज ड्रेसिंग बदलणार असाल तर बांधा, घरी पाठवणार असाल तर आधी जखम धुऊन कोरडी करा. इथे दोघांचं जमलं नाही. मला काकांचं पटतं. दुर्गम गावात, जिथे ड्रेसिंग बदलायला येणारी नर्स आठवड्याने येते, तिथे गळत्या पायावर बंद पट्टी बांधून माणसाला घरी पाठवणं धोक्याचं आहे. बाकी सगळीकडे मी पुतणीच्या बाजूने आहे. पाय धुणं आजच सुरू व्हावं आणि कातडी कोरडी राहू लागली की दाब लगेच सुरू व्हावा. ‘आधी वर्षभर साबण, मग बघू’ असं करून चालणार नाही.

सरकारकडे मागणं मोठं नाही. हत्तीरोग असलेल्या प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट तरी पट्टी बांधायला आणि शिकवायला तयार करावी. पायाचा रक्तपुरवठा तपासायला हातात मावणारं डॉपलर यंत्र द्यावं. किटमध्ये साबणाबरोबर शॉर्ट स्ट्रेच पट्टीची जोडी आणि अस्तर घालावं, पण ज्या घरातल्या एका माणसाने ती रुग्णालयात येऊन बांधून दाखवली, त्याच घराला द्यावं. दाबमोजा दर सहा महिन्यांनी बदलून मिळावा. मधुमेहाची गोळी आयुष्यभर लागते हे आपण मान्य केलं आहे. या पायाला मोजाही आयुष्यभरच लागतो.

आणि वाचकहो, तुमच्या घरात, शेजारी किंवा कामाला येणाऱ्या बाईचा एक पाय तीन महिन्यांहून अधिक काळ सुजलेला असेल, तर आधी आज संध्याकाळी त्या पायाच्या बोटांच्या बेचक्या बघा. कारण हत्तीरोगाचं असो, गर्भाशयाच्या कर्करोगावर घेतलेल्या किरणोपचाराचं असो की आणखी कशाचं, चिखल्या आणि भेगा बऱ्या केल्याशिवाय पुढचं काही होत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात किट मागा. पायाची नाडी आणि शुगर तपासून घ्या. दुकानातून क्रेप बँडेज आणून स्वतः बांधू नका. पट्टी बांधणं येतं अशा फिजिओथेरपिस्टचं नाव डॉक्टरांना विचारा, आणि जाताना घरातलं एक माणूस शिकायला सोबत घेऊन जा.